मेगापिक्सेलच्या आड झाकलेले चौरस मिलिमीटर

१९९९ साली निकॉनचा डी१ हा डिजिटल कॅमेरा आला आणि वृत्तपत्रांचे छायाचित्रकार जुन्याच लेन्स त्यावर चढवून कामाला लागले. रिळावर प्रशस्त दृश्य देणारी २८ मिमीची लेन्स इथे मात्र ४२ मिमीसारखी वागू लागली, दृश्याच्या कडा कापल्या जाऊ लागल्या. रिळाची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, तर डी१चा सेन्सर २३.७ बाय १५.६चा. म्हणजे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी.

सेन्सर लहान ठेवला गेला तो खर्चामुळे. सिलिकॉनच्या चकतीतून मोठे सेन्सर मोजकेच निघतात आणि आकार वाढला की एखाद्या बारीक दोषाने अख्खा सेन्सर वाया जाण्याची शक्यताही वाढते. २००२ साली कॅननने रिळाइतक्या पूर्ण चौकटीचा, ११ मेगापिक्सेलचा १डीएस आणला, तो सुमारे ८ हजार डॉलरला. तीन वर्षांनी कॅननचाच ५डी ३,२९९ डॉलरला आला आणि ‘फुल फ्रेम’ हौशी माणसाच्या स्वप्नात तरी शिरली.

सामान्य ग्राहक या काळात वेगळाच आकडा वाचत होता. खिशातल्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत जेमतेम २५ चौरस मिलिमीटरचा सेन्सर असे, फुल फ्रेमच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाचा. खोक्यावर मात्र मेगापिक्सेल ठळक छापलेले, तेही दरवर्षी वाढत जाणारे. ज्या मापावर रात्रीचा फोटो ठरतो, ते ग्राहकाच्या नजरेस पडतच नव्हते. हा त्या दशकातला मोठा अन्याय होता.

या मापाला एवढे महत्त्व का? प्रकाश फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, रूपाने, काहीसा अनियमितपणे येतो. फोटॉन थोडे असले की त्यांच्या संख्येतला चढउतार डोळ्यांना दाणेदार दिसतो. छायाचित्रकार त्यालाच नॉइज म्हणतात. चौपट प्रकाश मिळाला, तर नॉइजच्या तुलनेत संकेत दुप्पट ठसठशीत होतो. छिद्राचा एफ-आकडा आणि शटरचा वेग तोच ठेवला, तर मोठा सेन्सर क्षेत्रफळाच्या प्रमाणात अधिक प्रकाश गोळा करतो. उजेड मुबलक असलेल्या दुपारी हा फरक फारसा कळत नाही. मंद दिव्यांच्या सभागृहात लगेच कळतो.

मेगापिक्सेलच्या या शर्यतीला कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत पहिला ठळक लगाम कॅननच्याच एका कॅमेऱ्याने घातला. २००८च्या पॉवरशॉट जी१०मध्ये १४.७ मेगापिक्सेल होते. पुढच्या वर्षीच्या जी११मध्ये सेन्सर त्याच आकाराचा, पण मेगापिक्सेल १०. नवे मॉडेल आणि आकडा कमी! त्याआधी, २००७ साली, निकॉनने डी३मध्ये फुल फ्रेमवर फक्त १२ मेगापिक्सेल ठेवून आयएसओ ६४०० इतकी प्रकाशसंवेदनशीलता वापरण्याजोगी केली होती.

म्हणून पिक्सेल वाढवणेच वाईट, असा समज पसरला. तो अर्धाच खरा होता. २०१२च्या निकॉन डी८००मध्ये ३६ मेगापिक्सेल होते. पण त्याचे चित्र लहान करून डी३च्या चित्राइतक्याच आकारात पाहिले, तर नॉइज वाढलेला दिसत नव्हता. निर्णायक होते ते एकूण क्षेत्रफळ, आणि अर्थात सेन्सरच्या रचनेतली सुधारणा.

लेन्सचा वाटा तर बरेच जण विसरतात. त्याच वर्षी आलेल्या सोनीच्या आरएक्स१००चा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, पण लेन्स एफ १.८ची, म्हणजे मोठ्या छिद्राची. शटरचा वेग सारखा ठेवला, तर एफ ५.६वर लावलेल्या फुल फ्रेम कॅमेऱ्यापेक्षा तो एकूण प्रकाश अधिकच गोळा करतो. महागडी बॉडी घेऊन तिला स्वस्तातली झूम लेन्स लावणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

फोनने वेगळी वाट काढली. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये २०१८ साली आलेला नाइट साइट हा मोड अनेक फ्रेम एकावर एक जुळवून प्रकाशाची उणीव भरून काढू लागला. समोरचे दृश्य स्थिर असेल तोवर हे थक्क करते. धावत्या मुलाच्या फ्रेम मात्र एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणूनच गणनेवर एवढी हुकमत मिळवूनही फोनवाले सेन्सर वाढवत राहिले. २०२२च्या शाओमी १२एस अल्ट्रात जो मुख्य सेन्सर बसला, तो आकाराने आरएक्स१००च्या वर्गातला आहे.