पाटी आपली, गाळा दुसऱ्याचा!
आपली मुले आता केटरिंग, मंडप-डेकोरेशनचा धंदा काढतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ‘तीन हजारांत वेबसाइट’ ऐकून पैसे मोजण्याआधी हिशेब मांडावा. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, कायमचे विकत मिळत नाही; ते मुदतीने घ्यावे लागते. बहुधा पहिल्या वर्षी सवलत, पुढे पूर्ण दर, वर १८ टक्के जीएसटी. होस्टिंगचे भाडे वेगळे. एवढे एकवेळ परवडेल. खरी मेख नोंदणीत आहे. बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतले, तर भांडण होताच तो ते अडवून धरू शकतो. मग बिलबुकावर, टेम्पोवर रंगवलेला पत्ता फुकट! म्हणून नोंदणी आपल्या नावाने, आपल्या ईमेलवर करून घ्यावी. पासवर्ड हाती आल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा.