महसीरला वाट कोण देणार?

बंगळुरूच्या बऱ्याच घरांत सकाळी नळाला येते ती कावेरी, सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणलेली. याच नदीत केशरी परांचा, पाठीला उंचवटा असलेला महसीर राहतो. 1946 साली कबिनी या उपनदीत 120 पौंडांचा महसीर गळाला लागला होता. म्हणजे चौपन्न किलो, घरातल्या मोठ्या माणसाएवढा!

पावसाळ्यात हा मासा अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर जातो. वाटेत धरणे आली, सुरुंग लावून मासेमारी झाली, बाहेरून आणून सोडलेल्या निळ्या परांच्या महसीरने त्याची जागा घेतली. 2018 साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्तांत झाली.

धरण काढले तर वीज कुठून आणायची? अमेरिकेत पेनॉबस्कॉट नदीवर 2012 आणि 2013 साली दोन जुनी धरणे पाडली, तिसऱ्याला वळसा घालणारा प्रवाह खोदला आणि गेलेली वीज इतर धरणांवर वाढवून घेतली. समुद्रातले मासे लाखांनी वर आले.

इकडे प्रश्न पिण्याच्या पाण्याचा, म्हणून अवघड. अर्कावतीच्या संगमाखाली, मेकेदाटूला, बंगळुरूसाठी नवे धरण प्रस्तावित आहे, तेही अभयारण्यात. मेकेदाटू म्हणजे शेळीची उडी. शेळीने इथे नदी ओलांडली, अशी दंतकथा आहे. धरणाची भिंत मात्र महसीरला ओलांडता येणार नाही.