पाळण्यात बसू की नको?

डिसेंबरात माहीमच्या उरुसाची जत्रा भरते आणि दादर-परळची मंडळी आकाशपाळण्यात बसायला जातात. नाताळच्या सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिकाच्या सहलीही निघतात. पंचाईत होते ती नुकतेच दिवस गेलेल्या सुनेची. तीन महिने पुरे होईपर्यंत बातमी फोडायची नाही, ही आपल्याकडची रीत. मग नकार द्यायचा कसा? ‘मला गरगरतं’ एवढं पुरे; त्या दिवसांत ते बहुधा खरंही असतं.

पहिल्या बारा आठवड्यांत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांआड असतं, त्यामुळे बाहेरचा धक्का सहसा गर्भापर्यंत पोचत नाही. या काळातले निम्म्याहून अधिक गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषांमुळे होतात. म्हणूनच, दिवस राहिल्याचं कळण्याआधी रोलर कोस्टरमध्ये बसून आलेल्या बाईनं स्वतःला दोष देऊ नये. सासूबाईंनी तर मुळीच देऊ नये.

तरीही जाणूनबुजून बसू नये. गरोदर बायकांना बसवून कुणी चाचणी घेत नाही. किती झटका चालतो याचा आकडा डॉक्टरांकडेही नाही. रोलर कोस्टर, उंचावरून धाडकन खाली येणारी राइड, एकमेकांवर आदळणाऱ्या गाड्या आणि उंच वॉटर स्लाइड टाळाव्यात. संथ टॉय ट्रेन चालते, बसून पाहायचे खेळही चालतात. पाटीवर गरोदर स्त्रियांना मनाई असेल, तर महिना कितवा हा प्रश्नच नाही. जत्रेतल्या पाळण्यावर पाटी दिसली नाही, तरी नियम तोच.

राइडनंतर रक्तस्राव झाला किंवा पोटात जोराची कळ आली, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावं.