विमानात बाटली न्यावी, पण रिकामी!



शेतात जाताना छागल किंवा पाण्याची बाटली घेतल्याशिवाय आपला पाय घराबाहेर पडत नाही. आता उमरखेड-पुसद भागातली लेकरं परदेशी राहू लागली, तसे आईबापही विमानाने जातात. आपले एक सभासद लेकीसाठी स्टीलच्या बाटलीत घरची काकवी घेऊन निघाले. विमानतळावर तपासणीत ती सारी टाकून द्यावी लागली. माउलीचे डोळे भरून आले!

असं का? ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला शीतपेयाच्या बाटल्यांतून स्फोटक द्रव विमानात नेण्याचा कट उघडकीस आला. म्हणून आपल्याकडून परदेशी जाताना हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतून द्रव नेता येत नाही. बाटली अर्धी असली तरी नाही. काकवीही द्रवच!

मात्र रिकाम्या बाटलीला मनाई नाही. तपासणीनंतर आतल्या नळावर ती भरून घ्यावी. विमानातली हवा कोरडी, घसा सुकतो. आत हवेचा दाबही कमी असतो, कधी कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही कमी. म्हणून बाटली काठोकाठ भरू नये, झाकण हळू उघडावे.

आणि काकवी? घट्ट बंद करून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत द्यावी. लेकीपर्यंत पोचेल.

— ऊस विकास अधिकारी