मागच्या खोलीपर्यंत इंटरनेट कसे न्यावे?

अंबड आणि त्याला लागून असलेल्या सिडकोतील घरांची घडण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रश्न लगेच उमगेल. सिडकोने येथे सहा योजनांतून घरे उभारली. ती मुळात लहान आणि एकमेकांना लागून होती. पुढे कुटुंबे वाढली, औद्योगिक वसाहतीतील नोकरीमुळे हाती चार पैसे आले, तसे त्यांवर स्लॅब चढले आणि मागच्या बाजूस खोल्या निघाल्या. इंटरनेटची जोडणी देणारा माणूस मात्र केबल पुढच्या दारातून आत घेतो, राउटर टीव्हीच्या मागे टांगतो आणि निघून जातो. बैठकीच्या खोलीत क्रिकेटचा सामना विनाअडथळा दिसतो; वरच्या मजल्यावरील मागच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीला मात्र प्रवेशाचा अर्ज भरण्यासाठी जिन्याच्या पायरीवर येऊन बसावे लागते. २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा अनेक मुलांचे वर्ग अशा जिन्यांतच भरले. घरातील विद्यार्थी, वृद्ध आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणारे यांना सहसा शांत, म्हणजेच दूरची खोली दिली जाते. इंटरनेटची गरज नेमकी तेथेच असते आणि ते तेथेच पोहोचत नाही.

अशा वेळी पुष्कळ कुटुंबे अधिक वेगाची व अधिक महाग योजना घेतात. आमच्या मते हा पैसा बहुधा वाया जातो. आधी एक साधी परीक्षा करावी. मोबाइल घेऊन राउटरच्या शेजारी उभे राहावे व वेग मोजावा. मग दूरच्या खोलीत जाऊन पुन्हा मोजावा. दोन्ही ठिकाणी वेग कमी भरला, तर कंपनीकडे तक्रार करावी. जवळ उत्तम आणि दूर क्षीण असा अनुभव आला, तर दोष वाटेचा आहे. दुप्पट वेगाची योजना घेतल्याने भिंत पातळ होत नाही.

वायफाय म्हणजे अखेर रेडिओलहरी. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशा लहरी भिंतींतून पलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखवली होती. लहरी भिंत ओलांडतात हे खरे, पण प्रत्येक भिंत आपला वाटा कापून घेते. अर्ध्या विटेच्या भिंतीत त्या थोड्या क्षीण होतात. लोखंडी सळ्यांच्या स्लॅबमध्ये पुष्कळ. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांनीही वाट अडते. राउटर दोन प्रकारच्या लहरी वापरतो: २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात, पण त्यांचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतींपुढे लवकर थकतात. म्हणून दूरच्या खोलीत मोबाइल २.४ वर जोडून पाहावा.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. तो सर्वांचा असल्यामुळे तेथे गर्दीही फार होते. भिंतीला भिंत असलेल्या घरांत शेजाऱ्यांचे पाच-सहा राउटर एकाच चॅनेलवर बोलत असतात. १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांतील सर्वांत मोकळा निवडावा.

उपायांत पहिला बिनखर्चाचा आहे. राउटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्यावर, शक्य तर जिन्याच्या तोंडाशी, उंचावर ठेवावा. जिन्याची पोकळी ही लहरींची मोकळी वाट असते. अँटेनाच्या दांडीतून लहरी आडव्या दिशेने अधिक पसरतात, टोकाच्या दिशेने कमी; त्यामुळे वरच्या मजल्यासाठी एक अँटेना आडवी करून पाहावी.

दुकानदार बहुधा रिपीटर पुढे करतात. तो आलेल्या लहरी पुन्हा पुढे पाठवतो. पण ऐकणे आणि सांगणे ही दोन्ही कामे एकाच पट्ट्यावर केली, की वेग सुमारे निम्मा होतो. शिवाय लोक तो जेथे लहरी पोहोचतच नाहीत, त्याच खोलीत लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? त्याची जागा मधल्या वाटेवर. मेश संच अधिक नीटनेटका असतो, घरभर एकच नाव राहते. पण तो महाग पडतो, आणि त्याचे डबे बिनतारी जोडले तर स्लॅबचा अडथळा त्यांनाही असतोच.

आमचा कौल मात्र केबलला आहे. राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल ओढावी. तिच्यात तारांच्या चार जोड्या असतात. १०० मीटरपर्यंत ती १ गिगाबिटचा वेग वाहून नेते, आणि आपल्या घरांत एवढी लांबी कधी लागतच नाही. घेताना तारा शुद्ध तांब्याच्या आहेत ना, हे विचारावे. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा स्वस्त असतात, पण लवकर तुटतात. विजेच्या तारांच्या नळीतून ती नेऊ नये. बाहेरून न्यायची असल्यास ऊन-पावसासाठी वेगळी नळी घालावी.

दुसऱ्या टोकाला नवे यंत्रच हवे असे नाही. कपाटात पडलेला जुना राउटर चालतो. त्यातील डीएचसीपी ही सोय बंद करावी, कारण एका घरात दोघांनी उपकरणांना पत्ते वाटू लागल्यास गोंधळ होतो. त्याला पहिल्या राउटरपेक्षा वेगळा पत्ता द्यावा. केबल दोन्हीकडे लॅन असे लिहिलेल्या खाचेतच लावावी. नाव व पासवर्ड पहिल्या राउटरचेच ठेवावेत, चॅनेल मात्र वेगळा. अभियांत्रिकी शिकणारा घरचा एखादा मुलगा किंवा मुलगी हे काम दुपारभरात करू शकेल.

वीज गेल्यावर दोन्ही राउटर आणि फायबरचा डबा बंद पडतात, हे परीक्षेच्या दिवसांत विसरू नये. राउटरसाठीचे छोटे यूपीएस बाजारात मिळतात. विकत घेताना यंत्राच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहावेत, आणि एक वरच्या मजल्यासाठीही घ्यावा.