‘सुरक्षित’ हा कोणाचा गुण?

मागच्या व्याख्यानानंतर आलेल्या चिठ्ठ्यांत एक प्रश्न असा होता: क्रीमच्या बाटलीवर ‘प्रॉपिलीन ग्लायकॉल’ लिहिलंय. ते म्हणे गाडीच्या कूलंटमध्येही असतं. मग तोंडाला लावायचं का?

आता बघा, कूलंटमध्ये पाणीही असतंच की! एखादी वस्तू आणखी कुठे वापरतात, एवढ्यावरून ती घातक ठरत नाही. शिवाय कूलंटमध्ये सहसा असतं ते एथिलीन ग्लायकॉल. नावावरून भाऊ वाटतात, पण ते पोटात गेलं की शरीरात त्याचं शेवटी ऑक्झॅलिक आम्ल होतं, मूत्रपिंडं निकामी होतात. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं मुख्यतः लॅक्टिक आम्ल होतं, जे आपल्या स्नायूंत एरवीही तयार होतं. म्हणून ते ठरावीक प्रमाणात खाण्याच्या पदार्थांतही चालतं. काहींच्या त्वचेला सोसत नाही, खाज सुटते. त्यांनी टाळावं.

मला मात्र प्रश्नाची मांडणीच खटकते. वैशेषिक म्हणतात, गुण द्रव्यात राहतो. ‘सुरक्षित’ हा तसा गुण नव्हे, तो संबंध आहे. किती, कुठे, कोणाच्या त्वचेवर, आणि लेबलवर आहे तेच बाटलीत आहे का? हा शेवटचा भाग आपण विसरतो.

१९३७ साली अमेरिकेत ‘एलिक्सिर सल्फानिलामाइड’ नावाचं औषध निघालं. सल्फानिलामाइड उपयोगी होतं. ते विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल घेतलं, आणि ते विषारी आहे का हे कोणी तपासलंच नाही. शंभरावर माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. जीव घेतला तो द्रावकाने. त्या धक्क्यातून १९३८चा कायदा झाला, आणि सौंदर्यप्रसाधनंही तिथे केंद्रीय देखरेखीखाली आली.

आपल्याकडे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना ग्लिसरीन दिलं गेलं. त्यात हेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं. १४ जण दगावले. पुरवठ्यापासून तपासणीपर्यंतची साखळी किती किडली होती, ते न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने उघड केलं. आणि पदार्थ कुठला, तर ग्लिसरीन! थंडीत फुटलेल्या ओठांना आपल्या आज्या लावायच्या तेच. त्या नावाला कधी कोणी घाबरलं नाही.

तेव्हा घटकांची नावं जरूर वाचा, पण त्याच लेबलवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच नंबर आहे का, तेही बघा. सुट्टं भरून मिळणारं ग्लिसरीन मी तरी घेणार नाही.

हं, पुढची चिठ्ठी घेऊ.