बिनटाक्यांच्या काळातले टाके

‘बिनटाक्याचे मोतीबिंदू ऑपरेशन’ अशी पाटी आता तालुक्याच्या गावीही दिसते, आणि ती खोटी नाही. अल्ट्रासाउंडनं मोतीबिंदू फोडून काढण्याच्या फेको पद्धतीत चीर जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची असते, ती आपली आपण मिटते. पण १९८० आणि १९९०च्या दशकांत ज्यांची ऑपरेशनं झाली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्याला दहा-बारा मिलिमीटरची चीर दिलेली असे. मोतीबिंदूचा घट्ट गाभा तेवढ्या वाटेनंच बाहेर येई. मग पाच-सात टाके आलेच. लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, त्याचं कौतुक पुष्कळ झालं आणि ते व्हायलाच हवं. टाक्यांना तो मान मिळाला नाही. पेशंटला शेवटी किती स्वच्छ दिसणार, हे मात्र बरंचसं त्यांच्यावर ठरत होतं.

अठराव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी मोतीबिंदू झालेलं भिंग बाहेर काढायची रीत घालून दिली, तेव्हा टाका नव्हताच. पुढं कित्येक पिढ्या रोग्यानं दिवसेंदिवस उताणं पडून राहायचं, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. १८६०च्या दशकात बॉस्टनच्या हेन्री विल्यम्स यांनी रेशमाचा टाका वापरला. खरी सोय झाली ती मायक्रोस्कोप आणि नायलॉन आल्यावर. हा धागा मिलिमीटरच्या तीन शतांशांहूनही बारीक, नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. म्हणून तिथली जखम सावकाश भरते आणि तोवर टाक्यानं ती धरून ठेवायची असते. टाका घट्ट बसला, की त्या रेषेत पडदा जास्त वाकतो आणि चष्म्याला सिलिंडर नंबर लागतो. ऑपरेशन उत्तम होऊनही अक्षरं ओढल्यासारखी दिसतात आणि घरचे म्हणतात, ऑपरेशन फसलं! खरं तर एक टाका सोडवायचा राहिलेला असतो. तो साधारण दोन-तीन महिन्यांनी काढायचा. घाई केली तर जखम सैल पडून पडदा उलट दिशेनं वाकतो. म्हणूनच कायमचा चष्मा टाके निघेपर्यंत थांबलेला बरा.

काढण्याचं काम पाच मिनिटांचं, पण नीट पाहावं असं. डोळा बधिर करणारा थेंब, मग पोव्हिडोन आयोडीनचा थेंब. पेशंट स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपच्या, पट्टीला कपाळ टेकवतो. वक्रता मोजून कोणता टाका ओढतोय ते आधीच हेरलेलं असतं. सुईच्या टोकानं तो तोडायचा आणि चिमट्यानं अशा बाजूनं ओढायचा, की पृष्ठभागावर उघडा असलेला तुकडा जखमेतून आत जाणार नाही, कारण त्याच्याबरोबर जंतू आत शिरू शकतात. काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी, लागलं तर पुढचा टाका. नंतर काही दिवस अँटिबायोटिकचे थेंब.

नेत्रशिबिरात ऑपरेशन झालेल्या पेशंटचं घोडं इथंच अडायचं. शेताची कामं, एसटीचं भाडं, सोबत यायला कोणी नाही; दोन महिन्यांनी परत येणार कोण? नायलॉन वर्षा-दोन वर्षांत झिजतो, तुटतो आणि त्याचं टोक वर येतं. मग डोळ्यात कचरा गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं. कधी टाक्यापाशीच पांढरा ठिपका धरतो. तो संसर्ग असू शकतो, त्या दिवशीच डॉक्टर गाठावा. सैल किंवा तुटलेला टाका केव्हाही काढायचाच. खोल पुरलेला, त्रास न देणारा राहिला तरी चालतो.

जागतिक बँकेच्या मदतीनं १९९४मध्ये सुरू झालेल्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्र होता. त्या वर्षांत भिंगरोपण वाढलं आणि ऑपरेशनं शिबिरांच्या तंबूंतून रुग्णालयांकडे वळली. नेपाळचे डॉ. संदुक रुईत आणि मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय यांनी डोळ्याच्या पांढऱ्या भागातून तिरक्या बोगद्यासारखी चीर देण्याची स्वस्त पद्धत रुजवली. आतल्या दाबानंच ती मिटते. परत न येऊ शकणाऱ्या माणसाचा विचार यात मला सर्वांत जास्त दिसतो.

तरीही टाका संपलेला नाही. जखम पाझरली, फेकोच्या उष्णतेनं कड भाजली, अर्ध्यावर चीर वाढवावी लागली, तर आजही तो घालतात. अशा वेळी घरी जातानाच्या कागदावर टाके किती आणि केव्हा काढायचे, हे मराठीत लिहून मागावं. लहान मुलांचा डोळा लवचीक असल्यानं चीर आपोआप मिटण्याचा भरवसा नसतो. त्यांना बहुधा विरघळणारा धागा घालतात. नाहीतर टाका काढायला पुन्हा भूल द्यावी लागेल.